तत्त्वाने जगायचं असेल तर तयारी आधी करा

मी बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. काँक्रीटचे क्यूब (म्हणजे चाचणीसाठी ओतलेले ठोकळे), सळया, विटा, खडी असं सगळं आमच्याकडे येतं. आम्ही ते फोडतो, ओढतो, मोजतो आणि अहवाल देतो. अहवालाच्या तळाशी माझी सही असते. त्या सहीपायी माणसाची तत्त्वं कुठे टिकतात आणि कुठे सुटतात, हे मला फार जवळून पाहायला मिळालं. नव्याने रुजू झालेली मुलं-मुली विचारतात, "मॅडम, अशा वेळी तुम्ही नेमकं करता काय?" त्यांना आजवर तुकड्यातुकड्याने जे सांगत आले, ते इथे सलग लिहिते आहे. तुमचं काम वेगळं असेल, तत्त्वंही वेगळी असतील. पद्धत मात्र बरीचशी तीच लागते.

पहिल्यांदा हे ओळखायला शिका, की कसोटीची वेळ कसोटीसारखी दिसत नाही. क्यूब अठ्ठावीस दिवसांचे झाले की मशीनवर फोडून काँक्रीटची ताकद मोजायची असते. फोन येतो, "मॅडम, अठ्ठावीस दिवस परवा भरताहेत, पण बिल आज सादर करायचंय. अहवाल तेवढा आज द्या, क्यूब पास होणारच आहेत." बोलणारा ओळखीचा असतो, बोलणं अदबीचं असतं, मागणी दोन दिवसांची असते आणि मागे खरोखरच कोणाची तरी अडचण असते. आपल्याला खोटं बोलायला सांगितलं जातंय असं त्या क्षणी वाटतच नाही. एका माणसाची सोय करायची आहे, इतकंच वाटतं.

त्यात घाई. घाईने माणसाचं काय होतं यावर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनला एक प्रयोग केला होता, १९७३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत दारापाशी एक माणूस वाकून, खोकत, कण्हत पडलेला होता. ज्यांच्या हाताशी वेळ होता त्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले. "उशीर झालाय, पळा" असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांपैकी थांबले फक्त १० टक्के. काही जणांच्या भाषणाचा विषयच वाटेवर जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट हा होता. त्यानेही म्हणावा असा फरक पडला नाही. ही मुलं ढोंगी होती असं मी मानत नाही. त्यांच्या मनात श्रद्धा होती, पण त्या गल्लीतून जाताना तिच्याकडे बघायला सवड नव्हती.

म्हणून माझं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती फिरतं. तत्त्व काय हे ठरवायचं काम निवांतपणी उरकून ठेवायचं, म्हणजे फोन येईल तेव्हा ठरवायला काही शिल्लक राहत नाही. खाली जे आहे ते या उरकून ठेवण्याविषयी आहे.

तत्त्व वापरता येईल असं लिहा

वही घ्या आणि तुम्हाला काय पटतं ते लिहायला लागा. बहुतेकांच्या कागदावर आधी मोठे शब्द येतात: प्रामाणिकपणा, समता, निसर्गप्रेम, स्वातंत्र्य. येऊ द्या. पण तिथे थांबू नका, कारण असे शब्द कोणालाच अडवत नाहीत. आगाऊ तारखेचा अहवाल मागणारा माणूसही प्रामाणिकपणा मानतोच, आणि मनापासून मानतो.

प्रत्येक शब्दाखाली लिहा: या शब्दामुळे मी काय करते आणि काय करत नाही? माझ्या वहीत 'प्रामाणिकपणा' या शब्दाखाली असं आहे: "जे क्यूब माझ्या किंवा माझ्या माणसाच्या डोळ्यांसमोर फुटले नाहीत, त्यांच्या अहवालावर सही नाही. मशीनच्या कॅलिब्रेशनची (ते बरोबर मोजतं ना, या तपासणीची) मुदत संपली असेल तर त्या दिवशी चाचणी नाही. आकडा एकदा नोंदवहीत चढला की खोडायचा नाही. चुकला असेल तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि सही." वाचायला हे रूक्ष वाटेल. पण हे वाक्य पाळलं की मोडलं हे तिसऱ्या माणसालाही सांगता येतं, आणि तेच हवं आहे. ज्या वाक्याबद्दल तुम्ही स्वतःशी वाद घालून सुटू शकता, ते अजून पुरतं लिहून झालेलं नाही असं समजा.

तुमच्या बाबतीत ते कसं दिसेल? समता मानत असाल तर: "बैठकीत कोणाचं बोलणं मधेच तोडलं गेलं, तर ते पूर्ण होऊ द्या असं मी म्हणेन, मग बोलणारा शिपाई असो की साहेब." माणसाच्या खाजगीपणाचा मान राखत असाल तर: "दुसऱ्याने मला सांगितलेली गोष्ट त्याला विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही, घरातही नाही." धर्मावर श्रद्धा असेल, किंवा ती नाही हीच तुमची भूमिका असेल, तर कोणत्या विधीत तुम्ही सहभागी होता, कुठे फक्त हजर राहता आणि कुठे जात नाही, हे आधी लिहा. ऐनवेळी सगळे जमलेले असताना ते ठरवायला लागलं की बहुतेक वेळा भांडण तरी होतं, नाहीतर मुकाट्याने मान तुकवली जाते.

आपल्याला काय पटतं हेच नीट उमगत नसेल तर मोठ्या शब्दांकडून सुरुवात करू नका. गेल्या काही महिन्यांत कुठल्या गोष्टीने तुम्हाला रात्री झोप लागली नाही ते आठवा. कोणाचं वागणं पाहून मनात आदर दाटला ते आठवा. पैसे आणि मोकळा वेळ खरोखर कुठे जातात तेही पाहा, कारण तिथे तुमची प्रत्यक्षातली तत्त्वं दिसतात आणि ती वहीतल्या शब्दांशी जुळतीलच असं नाही. न जुळणारी जागा सापडली तर ती लपवू नका. काम तिथेच करायचं आहे.

यादी लहान ठेवा. आवडीनिवडींना तत्त्वाचा दर्जा देण्याचा मोह होतो, आणि मग माणूस प्रत्येक गोष्टीवर अडून बसायला लागतो. मी एक प्रश्न विचारते: ही गोष्ट पाळताना मला कोणीच पाहत नसेल, कोणी वाहवा करणार नसेल, तरी मी ती पाळेन का? उत्तर अडखळत आलं तर ती गोष्ट यादीतून काढते.

रेघ आणि दिशा वेगळ्या ठेवा

सगळी तत्त्वं एका जातीची नसतात. काही रेघेसारखी असतात: पलीकडे जायचं नाही, विषय संपला. खोट्या अहवालावर सही न करणं ही रेघ आहे. तिथे 'थोडीशी' असं काही नसतं. काही तत्त्वं दिशा दाखवतात. पृथ्वीवर आपला भार कमी पडावा असं वाटणं ही दिशा आहे. तिच्यात शंभर टक्के कोणालाच जमत नाही, आणि मी तर सिमेंटच्या धंद्यात आहे. जगभरच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा मानला जातो. मी त्या दिशेने काय करू शकते? सिमेंटचा काही भाग फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) किंवा झोतभट्टीतल्या स्लॅगने (लोखंड बनवताना उरणाऱ्या मळीने) भरून काढलेली मिश्रणं आली, तर त्यांच्या चाचण्या मन लावून करते, आणि अशा मिश्रणाला ताकद सावकाश येते हे अहवाल नेणाऱ्याला समजावून सांगते. नाहीतर सात दिवसांचा आकडा पाहून माणसं घाबरतात आणि पुन्हा सिमेंट वाढवतात. एवढं माझ्या हातात आहे.

गोपाळ गणेश आगरकरांचा बाणा सगळ्यांना ठाऊक आहे: इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार. दिशा दाखवणाऱ्या तत्त्वांसाठी मला याहून चांगली वाट माहीत नाही. बोलताना इष्ट ते पूर्ण बोलायचं, साध्याच्या मापाने ते कापायचं नाही. आणि करताना जेवढं साध्य आहे तेवढं आजच करायचं, इष्ट पूर्ण होईपर्यंत हात बांधून बसायचं नाही.

दिशेला रेघ समजलं तर माणूस पहिल्या चुकीला हात टेकतो: "विमानाने गेलोच ना, मग आता कसलं पर्यावरण." रेघेला दिशा समजलं तर त्याहून वाईट होतं, कारण मग "यावेळी नव्वद टक्के खरं लिहिलंय" यालाही तो प्रगती म्हणायला लागतो. वहीत प्रत्येक वाक्यापुढे 'रेघ' किंवा 'दिशा' असं लिहूनच टाका. रेघा अगदी मोजक्या असाव्यात.

वाक्य तयार ठेवा

इथे थोडं जास्त थांबते, कारण मला सगळ्यात उपयोग याचा झाला.

पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने 'अमुक झालं तर मी तमुक करेन' अशा स्वरूपात केलेल्या निश्चयांचा अभ्यास केला. नुसतं 'मी हे करणार' असं ठरवणाऱ्यांपेक्षा प्रसंग आणि कृती यांची अशी गाठ आधीच मारून ठेवणाऱ्यांच्या हातून ते जास्त वेळा घडतं. कारण सोपं आहे. प्रसंग समोर येताच तो प्रसंगच कृतीची आठवण करून देतो.

तेव्हा तुमच्या रेघांपुढे प्रसंग लिहा, आणि प्रसंगापुढे तोंडून निघणारं वाक्य जसंच्या तसं लिहा. ते मोठ्याने म्हणून पाहा. माझी वाक्यं अशी आहेत. कोणी आगाऊ तारीख मागितली, तर: "क्यूब परवा सकाळी पहिला मशीनवर घेते. दहा वाजेपर्यंत अहवाल हातात देईन. त्याआधीची तारीख मी टाकत नाही." वरून दबाव आला, तर: "सर, हे मला मेलवर पाठवाल का? मी मेलवरच उत्तर देते." काय करावं तेच सुचेना झालं, तर: "उद्या सकाळी सांगते." हे शेवटचं वाक्य प्रत्येकाने पाठ करावं. घाईवर ते थेट औषध आहे. एक रात्र मिळाली की निम्म्याहून जास्त मागण्या आपोआप विरघळतात, कारण मागणाऱ्यालाही रात्रभरात दुसरी वाट सापडते.

वाक्यात माफी नको आणि उपदेशही नको. "तुम्हाला असं विचारायला काही वाटत नाही का?" असं म्हटलं की समोरचा स्वतःची अब्रू राखायच्या मागे लागतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. नकारासोबत जमेल ते देऊ करा: लवकरची वेळ, सात दिवसांच्या निकालाचा वेगळा आणि स्पष्ट तसंच लिहिलेला अहवाल, किंवा बिलासोबत जोडायला 'चाचणी प्रलंबित' असं पत्र. अडचण खरी असते, तिचा मान राखा.

नकार दर वेळी 'नाही' या शब्दानेच द्यावा लागतो असंही नाही. डॉ. फ्रान्सिस केल्सी १९६० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या. त्यांच्या टेबलावर सुरुवातीलाच थॅलिडोमाइड या औषधाचा अर्ज आला. ते झोपेचं औषध तेव्हा अनेक देशांत सर्रास विकलं जात होतं, गरोदरपणातल्या मळमळीवरही दिलं जात होतं. त्या वेळच्या नियमाप्रमाणे साठ दिवसांत हरकत घेतली नाही तर अर्ज आपोआप मंजूर होई. केल्सींना सुरक्षिततेचे पुरावे अपुरे वाटले. पुढे हे औषध घेणाऱ्यांच्या हातापायांच्या नसांना इजा झाल्याची माहिती ब्रिटनमधून आली, तेव्हा गर्भावर याचा काय परिणाम होतो हा प्रश्न त्यांनी लावून धरला. कंपनीची माणसं फोन करत, येऊन भेटत, वरिष्ठांकडे तक्रार करत. केल्सी दर वेळी अर्ज अपुरा म्हणून परत करत आणि आणखी माहिती मागत. १९६१ च्या अखेरीला या औषधामुळे हातपाय अपुरे वाढलेली बाळं जन्माला येत असल्याचं जर्मनी आणि ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. जगभरात अशा बाळांची संख्या हजारोंच्या घरात गेली. अमेरिकेतला अर्ज १९६२ मध्ये मागे घेतला गेला. आपल्याच कामाच्या नियमात "पुरावा दाखवा" असं म्हणायची जागा जवळजवळ नेहमी असते. ती कुठे आहे हे तुमच्या कार्यालयाच्या नियमपुस्तिकेत आधीच शोधून ठेवा. मी आमचं मानक वाचून त्यातले कलम क्रमांक वहीच्या मागच्या पानावर उतरवले आहेत. "मला पटत नाही" यापेक्षा "कलमात बसत नाही" हे वाक्य दहा मिनिटांचा वाद वाचवतं, आणि खरंही असतं.

एक उदाहरण देते. एका नमुन्याचे तीन क्यूब असतात. समजा ते २२, २७ आणि ३२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला फुटले. सरासरी २७ आली, हवी होती २५. "बसलं की!" असं साइटवरचा माणूस म्हणतो. पण आमचा नियम असा, की एकही क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त दूर असेल तर तो संच धरायचा नाही. २७ चे १५ टक्के चार आणि थोडे, म्हणजे २२ आणि ३२ दोन्ही बाहेर. तीन क्यूब एकमेकांशी इतके जुळत नसतील तर मिश्रणात, भरण्यात किंवा चाचणीत कुठेतरी घोळ आहे, आणि सरासरी तो घोळ झाकते. असा अहवाल थांबवल्यावर आमच्याकडे मोठा आवाज झाला होता. मी आवाज चढवला नाही. कलम दाखवलं, पुन्हा नमुना घ्यायची तारीख दिली आणि नोंदवहीत तिन्ही आकडे जसे होते तसे ठेवले.

किंमत कोण देणार?

तत्त्वाने जगण्याला पैसे लागतात हे स्पष्ट बोललं पाहिजे. ज्याला पुढच्या महिन्याचा पगार चुकला तर घर चालणार नाही, त्याला "नाही" म्हणणं किती कठीण जातं हे मी सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. त्यांना भित्रं म्हणायचा अधिकार मला नाही. म्हणून पगार सुरू झाला त्या दिवसापासून काही महिन्यांचा घरखर्च बाजूला साठवा आणि त्याला हात लावू नका. मोठ्या हप्त्याचं कर्ज घेण्याआधी विचारा: या हप्त्यामुळे माझं कुठलं 'नाही' गहाण पडतंय? दुसरं भांडवल कौशल्याचं. ज्याचं काम चोख असतं त्याचा नकार ऐकून घेतला जातो, आणि वेळ आलीच तर त्याला दुसरीकडे काम मिळतं.

ती किंमत तुमच्या वाट्याची असावी, तुमच्या घरच्यांच्या वाट्याला न विचारता जाऊ नये. रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, त्या कामापायी प्राध्यापकी सोडावी लागली, अश्लीलतेचे खटले झाले, आणि तरी १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात त्या त्यांच्या पत्नी मालतीबाई. मूल होऊ द्यायचं नाही हा निर्णय दोघांनी मिळून घेतला होता आणि पुढची ओढगस्तही दोघांनी सोसली. तिथे संमती होती. जिथे संमती नाही, तिथे नवरा तत्त्वनिष्ठ म्हणून गाजतो आणि भार बायको उचलते. घरी बसून आधी बोला. "असं झालं तर मी नोकरी सोडू शकते. तेव्हा आपण काय करू?" हा प्रश्न संकट आल्यावर विचारला तर तो प्रश्न राहत नाही, ती फक्त बातमी असते. घरातलं माणूस "मला हे पेलणार नाही" म्हणालं तर ते ऐका, आणि दोघांना पेलेल अशी वाट शोधा, मग तिला दोन वर्षं का लागेनात.

एक माणूस सोबत घ्या

सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात रेघांच्या लांबीचा प्रयोग केला. कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे हे सांगायचं होतं, उत्तर उघड दिसत होतं, पण आधी ठरवून बसवलेली बाकीची सगळी माणसं एकमुखाने चुकीचं उत्तर देत. जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तराला होकार दिला. पण बरोबर उत्तर देणारा फक्त एक सोबती त्या गटात असला की ही मान डोलावणी एकदम कमी झाली. स्टॅन्ले मिलग्रॅम यांच्या येल विद्यापीठातल्या प्रयोगांत हेच आणखी ठळकपणे दिसलं. समोरच्या माणसाला विजेचे धक्के बसताहेत असं भासवलं जायचं (प्रत्यक्षात कोणाला धक्का बसत नव्हता). मूळ प्रयोगात ४० पैकी २६ जणांनी, प्रयोग घेणाऱ्याने सांगितलं म्हणून, शेवटचं, ४५० व्होल्टचं बटण दाबलं. शेजारी बसलेल्या दोघांनी मध्येच "आम्ही करणार नाही" म्हणून उठायचं, असा बदल केल्यावर शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी चारच उरले.

म्हणून वादाच्या बैठकीला जाण्याआधी एका माणसाशी बोलून जा. त्याने तुमच्या बाजूने भाषण करायची गरज नाही. "मलाही या आकड्यांबद्दल शंका आहे" एवढं तो म्हणाला तरी पुरतं. आणि दुसरं कोणी एकटं उभं असेल तर ते वाक्य तुम्ही म्हणा, त्याच क्षणी, सगळ्यांसमोर. बैठक संपल्यावर जिन्यात गाठून "तुझं बरोबर होतं" म्हटलं तर त्याला दिलासा मिळतो, मदत मिळत नाही.

नकार दिल्यानंतर

तुम्ही थांबलात म्हणजे गोष्ट थांबेल, असं धरून चालू नका. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर या अमेरिकन अंतराळयानाची रॉकेटं बनवणाऱ्या कंपनीतले अभियंते सांगत होते की इतक्या थंडीत सांध्यांमधली रबरी कडी नीट बसणार नाही. व्यवस्थापनाने शेवटी उड्डाणाला हिरवा कंदील दाखवला. कंपनीचे उड्डाणस्थळी असलेले प्रतिनिधी ॲलन मॅकडोनाल्ड यांनी त्या शिफारशीवर सही करायला नकार दिला. सही त्यांच्या वरिष्ठांनी केली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले. चौकशी आयोगापुढे मॅकडोनाल्ड यांनी खरं काय घडलं ते सांगितलं, त्यावरून कंपनीत त्यांना बाजूला सारण्यात आलं, अमेरिकन संसदेतून दबाव आल्यावर परत घेतलं गेलं, आणि त्या सांध्यांची नवी रचना त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली.

सही माझ्या हातात आहे, उड्डाण माझ्या हातात नाही. हे मान्य केलं की नकार देणं सोपं होतं, कारण मग "मी नाही केली तर दुसरा करेलच" या वाक्याची धार जाते. दुसरा करेल हे खरं असू शकतं. पण मॅकडोनाल्ड यांनी सही केली असती तर आयोगापुढे उभं राहून बोलायला कोण उरलं असतं? आणि म्हणूनच नकाराची लेखी नोंद ठेवा: तारीख, काय मागितलं, तुम्ही काय उत्तर दिलं, सोबत कोण होतं. भावना, विशेषणं नकोत. ही नोंद कार्यालयाच्या व्यवस्थेतच, सापडेल अशी ठेवा.

आणि कधी रेघ ओलांडली गेलीच तर? सगळ्यात मोठा धोका त्या कृतीच्या नंतर असतो. लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी १९५९ मध्ये लोकांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम दिलं आणि पुढच्या माणसाला "मजा येते" असं सांगायला लावलं. त्या खोट्यासाठी काहींना वीस डॉलर दिले, काहींना एकच. नंतर विचारल्यावर काम खरंच बरं होतं असं म्हणायचा कल एक डॉलरवाल्यांचा जास्त होता. वीस डॉलर घेणाऱ्याकडे खोटं बोलण्याचं कारण खिशात होतं. एक डॉलरवाल्याला ते सापडेना, मग त्याने स्वतःचं मतच बदलून टाकलं. छोट्या तडजोडी म्हणून जास्त जपून पाहायच्या: त्या आपलं मत गुपचूप सरकवतात. "एवढ्याने काय होतं" असं मनात यायला लागलं, की त्याच दिवशी दुरुस्ती करा. सुधारित अहवाल काढा, ज्याच्यावर परिणाम झाला त्याला सांगा, वहीतलं वाक्य होतं तसंच राहू द्या. स्वतःला शिक्षा करत बसण्यात दुरुस्तीचा वेळ जातो.

मत बदललं की दमलो?

वहीवर तारीख घाला आणि वर्षातून एकदा निवांतपणी पुन्हा वाचा. काही वाक्यं बदलतील, बदलू द्या. वीस वर्षांच्या वयात पटलेलं सगळं पन्नाशीत पटलंच पाहिजे असा हट्ट मी धरत नाही. पण खोडण्याआधी शेजारी लिहा: नवी माहिती काय मिळाली? कोणाचं ऐकलं, काय पाहिलं, कोणता विचार आधी सुटला होता? इथे लिहायला काही सापडलं तर मत बदललं आहे. फक्त किंमत वाढल्याचं सापडलं तर तुम्ही दमला आहात, आणि त्यावर उपाय विश्रांतीचा, मदतीचा किंवा जागा बदलण्याचा असतो. बदल वाद चालू असताना करू नका.

जागा बदलायची वेळ कधी येते याचं एकच माप मी वापरते. नकार देणं हा अपवाद असेल तर राहायचं, तिथे आपली गरज आहे. दर आठवड्याला तीच रेघ तोच माणूस ओलांडायला सांगत असेल, आणि वर लेखी कळवूनही काही हलत नसेल, तर शांतपणे दुसरं काम शोधायला लागायचं, साठवलेले पैसे त्याचसाठी होते. नव्या ठिकाणी मुलाखतीत तुम्हीही विचारा: "दिलेल्या अहवालात चूक सापडली तर तुमच्याकडे काय करतात? शेवटचा सुधारित अहवाल कधी काढला?" जिथे पद्धत आहे तिथे समोरचा माणूस लगेच सांगतो, बऱ्याचदा नोंदवही उघडून दाखवतो. "आमच्याकडे चुका होतच नाहीत" असं उत्तर आलं, तर मी तिथे रुजू होत नाही.